फिडल काढलेलं गाणं

काकांनी दोन्ही गाणी डोळे मिटून ऐकली. दुसरं संपलं तरी डोळे उघडले नाहीत.

"दुसऱ्यात फिडल नाही."

"नाहीच आहे."

"स्टीलही नाही. ती लांब ओढ घेणारी गिटार. तिच्या जागी काय घातलंय, कीबोर्ड?"

"कीबोर्ड आणि इलेक्ट्रिक गिटार."

"आणि बाई तीच?"

"बाई तीच, चाल तीच, शब्द तेच."

काकांनी डोळे उघडले. "मग फिडलवाल्यानं यांचं काय घोडं मारलं होतं?"

माझे काका तीस वर्षं हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवत. कुठल्याही तबकडीवर त्यांचं नाव नाही. कुणी विचारलं तर "दुसऱ्या रांगेतला, खांबाआडचा" अशी स्वतःची ओळख करून देतात. रविवारी दुपारी मी त्यांच्या माहीमच्या घरी छोटा स्पीकर घेऊन गेले होते, ते खरं तर कौतुक ऐकायला. कॉलेजात असताना स्वतःच्या पैशांनी घेतलेली माझी पहिली इंग्रजी कॅसेट म्हणजे शनाया ट्वेनचा 'कम ऑन ओव्हर'. टीव्हीवर ती वाळवंटात उभी असायची, अंगावर बिबट्याच्या ठिपक्यांचा पायघोळ पोशाख, आणि रस्त्यावरून येणाऱ्या एकेका पुरुषाला नापास करत असायची. ती कंट्री गायिका आहे हे मला तेव्हा माहीतही नव्हतं. कळणार कसं? माझ्या कॅसेटमधून कंट्री काढून टाकलेलं होतं.

हे नंतर कितीतरी वर्षांनी समजलं. 4 नोव्हेंबर 1997 ला हा अल्बम आला तो फिडल, स्टील गिटार सगळ्यासकट. 1998 मध्ये बाकीच्या जगासाठी त्याचं वेगळं मिश्रण केलं गेलं. सोळाच्या सोळा गाणी ठेवली, त्यांचा क्रम बदलला, आणि ज्या वाद्यांवरून 'हे अमेरिकेच्या खेड्यातलं' असं चटकन ओळखू येईल ती उतरवून ठेवली. माझ्यापर्यंत ही दुसरी आवृत्ती आली. काकांना मी एकच गाणं दोन्ही रूपांत ऐकवलं होतं, 'लव्ह गेट्स मी एव्हरी टाइम'. पहिल्यात दोन ओळींमध्ये फिडल असं काही खिदळतं, जणू शेजारीण खिडकीतून टोमणा मारून जाते. दुसऱ्यात ती खिडकी बंद.

"हिला कंट्री म्हणायचंच कशाला?" काका म्हणाले. "मुळात ही तिकडची तरी आहे का?"

"नाही. कॅनडाची. ओन्टारियोतलं टिमिन्स म्हणून सोन्याच्या खाणींचं गाव आहे, तिथली."

"बघ."

"काका, हँक स्नोसुद्धा कॅनडाचाच होता, नोव्हा स्कोशियाचा. त्याला कुणी गावाचा दाखला नाही मागितला."

हे त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग मी तिची गोष्ट सांगितली. घरात गरिबी, सावत्र वडील ओजिब्वे या मूलनिवासी जमातीचे, आठव्या वर्षापासून बारमध्ये गाणं. 1987 मध्ये आईवडील दोघंही मोटार अपघातात गेले. धाकट्या भावंडांना सांभाळायला म्हणून ही हंट्सव्हिलजवळच्या एका रिसॉर्टमध्ये रोजच्या कार्यक्रमांत गायला लागली. भावंडं मोठी झाल्यावर नॅशव्हिल. 1993 चा पहिला अल्बम फारसा चालला नाही. पण रॉबर्ट जॉन लँग नावाच्या निर्मात्यानं तो ऐकला, त्यानं तिला फोन केला, आणि वर्ष संपायच्या आत दोघांचं लग्न झालं.

"कंट्रीवाला?"

"छे. हार्ड रॉकवाला. एसी/डीसीचा 'बॅक इन ब्लॅक' त्याचा, डेफ लेपर्डचा 'हिस्टेरिया' त्याचा. एकेका ओळीवर दिवस घालवणारा माणूस. मागचे आवाज इतक्या वेळा थरावर थर चढवून घ्यायचा की चार जणांचा कोरस चाळिसांचा वाटावा."

"तरीच." काकांना पकडायला काहीतरी सापडलं होतं. "मघापासून मी तेच शोधतोय. या गाण्यात श्वास कुठे ऐकू येत नाही. सगळं घासूनपुसून चकचकीत. आमच्याकडे वीस माणसं एका दमात वाजवायची. कुणाचा गज अर्धा क्षण आधी लागायचा, कुणाचा नंतर. त्या अर्ध्या क्षणात गाणं जिवंत असायचं."

"अर्धा क्षण पुढेमागे झाला की रीटेक व्हायचा, असं तुम्हीच सांगायचात."

"तो वेगळा अर्धा क्षण."

मी आकडे काढले. 'कम ऑन ओव्हर'च्या जगभर 4 कोटींहून अधिक प्रती खपल्या. एकट्या अमेरिकेत 2 कोटींचं प्रमाणपत्र. कंट्रीचा आजवरचा सर्वाधिक खपाचा अल्बम हाच, आणि एकट्या गायिकेचा स्टुडिओत केलेला सर्वाधिक खपाचा अल्बमही हाच. सोळापैकी बारा गाणी सुटी बाजारात आली, ती 2000 सालापर्यंत येतच राहिली. ब्रिटनमध्ये 1999 साली सगळ्यात जास्त विकला गेलेला अल्बम हाच. गंमत म्हणजे बिलबोर्डच्या मुख्य यादीत तो कधीच पहिला आला नाही, दुसऱ्या क्रमांकापर्यंतच पोचला. कंट्रीच्या यादीत मात्र तब्बल 50 आठवडे पहिला.

"खप मला सांगू नकोस. वडापावही खपतो."

"वडापावाला काही बोलायचं नाही," आतून काकू म्हणाल्या.

"मी वाईट म्हणालो का? खपतो म्हणजे चांगला आणि खपतो म्हणजे वाईट, दोन्ही खोटं. पण जेवणातून हवी तेव्हा उचलता येते ती कोथिंबीर. फिडल त्या गाण्याची कोथिंबीर होती की मीठ, एवढंच मला सांग. मीठ असतं तर काढता आलं नसतं. काढता आलं, म्हणजे आधीही ते वरूनच भुरभुरलं होतं. हौसेनं घेतलं, आणि परदेशी निघाल्यावर विमानतळावर ठेवून दिलं."

हा मुद्दा मला लागला. 'देशी बाज गेला, संस्कृती बुडाली' असं रडगाणं गाणाऱ्यांपैकी काका नव्हेत. त्यांचा आक्षेप कारागिराचा होता. एखादी वस्तू गाण्याचा भार उचलते आहे की नुसती शोभेला आहे, एवढाच. मी उत्तर दिलं ते थोडं तिरकं.

"तुमच्या मते खरं कंट्री कुठलं?"

"जिम रीव्ह्ज." क्षणाचाही विलंब नाही.

जिम रीव्ह्जची कथा आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. रेकॉर्डिंगला काकांच्या शेजारच्या स्टँडवर गोव्याचा एक मित्र बसायचा. रात्री काम आटोपलं की त्याच्या वांद्र्याच्या घरी जायचं, आणि तिथे ग्रामोफोनवर जिम रीव्ह्ज. गोव्यात आणि वांद्र्याच्या ख्रिस्ती घरांत नाताळ आला की अजूनही तो आवाज असतोच. स्वतः बिचारा 31 जुलै 1964 ला विमान अपघातात गेला.

मी 'ही विल हॅव टु गो' लावलं. काका हसले, मान डोलावली. संपल्यावर मी विचारलं, "फिडल कुठे आहे?"

ते थांबले.

"व्हायब्राफोन आहे," मी म्हणाले, "पियानो आहे, मागे मऊ कोरस आहे. फिडल नाही, रडणारी स्टील नाही. 1950 नंतरच्या दशकात रॉक अँड रोलनं कंट्रीचं गिऱ्हाईक पळवलं. तेव्हा नॅशव्हिलमध्ये चेट ॲटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली या दोघा निर्मात्यांनी ठरवून हे केलं. खेडवळ वाटणारी वाद्यं मागे सारायची आणि शहरातल्या दिवाणखान्यात शोभेल असं काहीतरी करायचं. त्यालाच 'नॅशव्हिल साउंड' म्हणतात. जिम रीव्ह्ज त्यातलाच. पॅट्सी क्लाइनसुद्धा. तुमचा खरा माणूस म्हणजे फिडल काढलेलाच माणूस आहे, काका. आणि फिडल काढून पुष्कळदा त्याच्या जागी काय बसवलं माहीत आहे?"

"काय?"

"व्हायोलिनं. समोर नोटेशन मांडून एकसाथ वाजवणारी आठ-दहा माणसं. तुमच्यासारखी."

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या हसल्या. काका हसले नाहीत. उठून कपाटावरून पेटी काढली.

पुढची दहा मिनिटं वादाची नव्हती, शिकवणीची होती. "वाद्य एकच आहे गं," ते म्हणत होते, "फिडल म्हणून वेगळं वाद्य दुकानात मिळत नाही." गजाला राळ लावली, दोन वेळा ओढून पाहिला. मग त्यांच्या नेहमीच्या पद्धतीनं, हनुवटीखाली वाद्य घट्ट, गज टोकापासून मुठीपर्यंत, असा एक लांब सूर काढला. स्वच्छ, एकाच तारेचा, कुठेही न थरथरणारा. "हे व्हायोलिन." मग वाद्य खाली छातीवर टेकवलं, गज बुडाशी धरायचा तो वर सरकून धरला आणि मनगटानं आखूड आखूड झटके द्यायला लागले, एक लांब, दोन आखूड. शेजारच्या मोकळ्या तारेला दरवेळी गज घासून जात होता, त्यामुळे सुराखाली एक गुणगुण सतत चालू होती. खोली अचानक लहान वाटायला लागली. "आमचा गुरू हे ऐकता तर गजानंच मारता. दोन तारा एकदम वाजल्या की आमच्याकडे चूक. त्यांच्याकडे तेच गाणं. नाचणाऱ्याला ताल हवा, मृदंग नाही, तर हा घासच मृदंग. काही जण त्यासाठी घोडीची कमानही थोडी सपाट करून घेतात."

"हे तुम्ही कुठे शिकलात?"

"गोव्याचा मित्र दाखवायचा. मजा म्हणून." त्यांनी वाद्य मांडीवर ठेवलं. "तू म्हणतेस ते कबूल. जिम रीव्ह्जच्या वेळी फिडलवाल्याची खुर्ची माझ्यासारख्यानं घेतली. पण खुर्चीवर माणूस तरी बसला ना? इथे कोण बसलंय?"

काका नेमकं काय बोलत होते ते मला ठाऊक होतं. आमच्याकडे कीबोर्ड आले तेव्हा एका माणसाच्या दोन हातांनी व्हायोलिनची अख्खी रांग घरी बसवली. आधी साठाचे चाळीस झाले, मग वीस, मग "गरज पडली तर फोन करतो". काकांनी शेवटची काही वर्षं शिकवण्या करून काढली. त्यांच्यापुढे 'मिश्रण बदललं' हा शब्दप्रयोग मी फार सहज वापरत होते.

तरीही मी हटले नाही, कारण माझ्याकडेही एक गोष्ट होती आणि ती वाद्यांची नव्हती. मी 'हनी, आय'म होम' लावलं आणि काकूंना अर्थ सांगितला. दिवसभर राबून, वैतागून घरी आलेली बाई उंबरठ्यातूनच नवऱ्याला कामं सांगत सुटते. काकू बत्तीस वर्षं पोस्टात होत्या. म्हणाल्या, "हे बरं आहे."

याच अल्बममध्ये मार खाणाऱ्या आणि एक दिवस उठून निघून जाणाऱ्या बाईचं गाणं आहे, 'ब्लॅक आइज, ब्लू टिअर्स'. एका गाण्याच्या नावातच बजावलेलं आहे की हिला हात लावायचा असेल तर आधी विचार. हे 1997 साली. माझ्या वयाच्या मुलींनी त्या कॅसेटमधून नेमकं हेच उचललं. कंट्रीमध्ये ही ओळ जुनी आहे. 1952 मध्ये किटी वेल्स नावाच्या, तोवर गाणं सोडायच्या विचारात असलेल्या बाईनं एका पुरुषाच्या गाण्याला उत्तर म्हणून गाणं केलं. बायका बिघडतात त्याला जबाबदार कोण, असं विचारणारं. रेडिओवर त्यावर बंदी आली, तरी ते कंट्रीच्या यादीत पहिलं आलं. एकट्या गायिकेला तो मान त्याआधी मिळाला नव्हता. 1975 मध्ये लॉरेटा लिनचं गर्भनिरोधक गोळीवरचं गाणं कितीतरी स्टेशनांनी वाजवायला नकार दिला. शनाया त्यांच्याच वळणाची. फक्त ती हे हसत हसत, कंबर हलवत म्हणाली, आणि 4 कोटी घरांत जाऊन म्हणाली. 'मॅन! आय फील लाइक अ वुमन!'च्या व्हिडिओत तर तिनं रॉबर्ट पामरचा 1986 चा गाजलेला व्हिडिओच उलटा केला. त्याच्या मागे एकसारख्या रंगवलेल्या बाहुल्यांसारख्या बायका होत्या, हिच्या मागे तसेच पुरुष.

काकांनी हे सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "त्या शब्दांना फिडल नडत होतं का?"

याचं प्रामाणिक उत्तर 'नाही' असं आहे. मी तेच दिलं. पण पुढे मी म्हणाले, "शब्दांना नडत नव्हतं, दाराला नडत होतं. फिडल ऐकलं की शहरातला माणूस म्हणतो, हे आपलं नाही. ते असतं तर ही कॅसेट माझ्या हातात पडली असती का?"

"म्हणजे गावाची भाषा बोलायची नाही, पाहुणे आलेत."

"पाहुण्यांसाठी धंदा काय नवीन आहे? 1927 मध्ये ब्रिस्टल गावात व्हिक्टर कंपनीचा राल्फ पीअर यंत्रं घेऊन उतरला आणि कार्टर कुटुंबाला, जिमी रॉजर्सला एकेका गाण्याचे 50 डॉलर देऊन रेकॉर्ड करून घेतलं. कंट्रीचा जन्म तिथला म्हणतात. ग्रँड ओल ऑप्री हा कंट्रीचा कार्यक्रम ज्या डब्ल्यूएसएम रेडिओवर वाढला तो विमा कंपनीचा होता. ती तीन अक्षरंसुद्धा 'आम्ही लाखोंचं रक्षण करतो' अशा विम्याच्या घोषवाक्याची. शनिवारी रात्री फिडल ऐकवायचं आणि सोमवारी एजंटनं दार वाजवायचं. आणि तुम्हाला आवडते ती स्टील गिटार हवाईची, बँजो आफ्रिकेतून आलेल्या गुलामांचा."

"आलेल्या वस्तू मी मोजत नाहीये. गेलेल्या मोजतोय."

काय बोलणार? मी पाणी प्यायले.

वाचकांना इथे मला एक कबुली द्यायची आहे, काकांना दिली नाही. फिडलवाली आवृत्ती मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती मला भेसळ वाटली होती. माझ्या ओळखीच्या गाण्यात कुणीतरी उगाच वाद्यं घुसवली आहेत, असं. जी खरी आधीची, ती माझ्या कानाला नंतरची. 'फ्रॉम धिस मोमेंट ऑन'मध्ये तर ब्रायन व्हाइट नावाचा एक पुरुष गायक अचानक येऊन शेजारी उभा राहिला. माझ्या आठवणीत ती ते गाणं एकटीच गायची. मग एका पावसाळ्यात मी जुनी आवृत्ती बरेच दिवस ऐकली आणि 'यू आर स्टिल द वन'मधल्या स्टीलनं मला पकडलं. ती वाजते थोडी. पण तो सूर एका जागेवरून दुसरीकडे घसरत जातो तेव्हा, हे लग्न टिकलं याचा आनंद आहे की टिकवताना काय काय झिजलं त्याचा हिशेब, हे कळेनासं होतं. पॉप आवृत्तीत फक्त आनंद आहे. दोघांचं ते लग्नही पुढे मोडलं, ही गोष्ट वेगळी.

त्यामुळे बाजारासाठी फिडल काढावंच लागतं, असं आता मी पूर्ण विश्वासानं म्हणू शकत नाही. 2000 सालच्या 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' या सिनेमाच्या गाण्यांत फिडल, बँजो, मँडोलिन सगळं होतं. तो संग्रह लाखांनी खपला आणि 2002 मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमीही घेऊन गेला. शनायाच्या या अल्बमच्या गाण्यांना चार ग्रॅमी मिळाले, तेही कंट्रीच्याच विभागात. म्हणजे गौरव फिडलच्या घरात, आणि परदेशची दारं उघडली फिडलशिवाय.

"अजून एक ऐकवते," मी म्हणाले. "शेवटचं."

2002 मध्ये तिचा पुढचा अल्बम 'अप!' आला. आता तर आडपडदाच नव्हता. एकोणीस गाणी, प्रत्येक गाणं तीन रंगांत. हिरवी तबकडी कंट्रीची, लाल पॉपची. अमेरिकेत हिरवी आणि लाल मिळायची. आपल्याकडे आणि इतर देशांत लाल आणि निळी.

"निळी कसली?"

"ऐका."

पहिले काही सेकंद काका नुसते बसून होते. मग मान पुढे आली. गाण्याच्या मागून तारवाद्यांचा एक झोत उठला, सगळी एकदम वर चढली आणि वर जाऊन हिंदी सिनेमात असतात तशी थोडी लचकली. काकांचा डावा हात मांडीवर होता. त्याची बोटं आपोआप हलायला लागली.

"हे आपल्याकडचं आहे."

"बर्मिंगहॅमच्या सायमन आणि डायमंड दुग्गल या भावांनी केलंय. ऑर्केस्ट्रा आणि तालवाद्यं मुंबईत रेकॉर्ड झाली."

"मुंबईत." त्यांनी मला हातानं गप्प केलं, पुढचा झोत ऐकला. "साल काय म्हणालीस?"

"अल्बम 2002 चा."

त्या सुमाराला काका आठवड्यातून तीन दिवस सोसायटीतल्या मुलांना सा रे ग म शिकवत होते. गाणं संपलं. मला वाटलं आता फिडल, मीठ, कोथिंबीर यावर काहीतरी येईल. काकांनी व्हायोलिन फडक्यानं पुसलं, राळेची पूड झटकली, पेटीत ठेवून दोन्ही खिट्या लावल्या.

"शिफ्टचे किती मिळाले असतील गं त्यांना?"